तळपायाची मालिश : बाळंतिणीला व रुग्णाला आधार, औषध नव्हे

घरात बाळंतपण झाले की आपल्या भागात पहिला प्रश्न येतो, "काय झालं?" आणि दुसरा येतो, "दूध हाय का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर एकदाच द्यावे लागते. दुसरा प्रश्न मात्र बाळंतिणीला पुढे महिना-दीड महिना, भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईकडून ऐकावा लागतो. लेकरू रडले की दूध कमी, लेकरू झोपेना की दूध कमी, लेकराने बोटे चोखली तरी दूध कमीच. ऐकून ऐकून शेवटी ती आईच मनाशी धरून बसते की आपल्याला दूध नाही. मग दुकानातून पावडरचा डबा येतो, किंवा पाणी घातलेले म्हशीचे दूध बाटलीत भरले जाते, आणि एका धडधाकट आईचे दूध खरोखरच आटू लागते.

अशा वेळी आता नवा सल्ला मिळू लागला आहे : "तळपायाचे पॉइंट दाबा, दूध येईल." या पद्धतीला रिफ्लेक्सॉलॉजी म्हणतात. आपल्याकडे ती ॲक्युप्रेशरच्या नावाखालीच अधिक ओळखली जाते. पायाचे रंगीत तक्ते, लाकडी रोलर, काटेरी चपला असे साहित्य जत्रेत आणि प्रदर्शनात विकले जाते. साखर, रक्तदाब, मूतखडा, अर्धांगवायू अशा सर्व दुखण्यांवर एकच इलाज असल्याचे विक्रेता सांगत असतो. वस्तीतील भगिनी आम्हांला विचारतात, हे खरे काय? करावे की करू नये? आम्ही बरीच वर्षे बाळंतिणींच्या व रुग्णांच्या घरी जात आलो आहोत. जे वाचले, जे पाहिले आणि जिथे चुकलो, ते सर्व समोर ठेवून या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

ही पद्धत आली कोठून?

रिफ्लेक्सॉलॉजी फार प्राचीन असल्याचे सांगितले जाते. पाय चोळण्याची रीत जगभर जुनी आहे, यात शंका नाही. परंतु आज विकल्या जाणाऱ्या तक्त्यांचा इतिहास शंभर-सव्वाशे वर्षांहून अधिक नाही. अमेरिकेतील कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झगेराल्ड यांनी शरीराचे उभे दहा पट्टे कल्पिले. एका पट्ट्यात कोठेही दाब दिला की त्याच पट्ट्यातील दुसऱ्या अवयवावर परिणाम होतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९१७ साली त्यांनी एडविन बॉवर्स यांच्यासमवेत या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे युनिस इंगम या अमेरिकन बाईंनी हा विचार मुख्यतः पायावर आणला. पायाच्या कोणत्या जागी कोणता अवयव, याचा त्यांनी नकाशाच तयार केला, आणि १९३८ साली त्यांचे पुस्तक निघाले. आजचे बहुतेक तक्ते त्या नकाशाचीच लेकरे-नातवंडे आहेत.

या नकाशात अंगठा म्हणजे डोके. बोटांखालचा मांसल भाग म्हणजे छाती, मधली खोलगट जागा म्हणजे पोटातील अवयव, टाच म्हणजे कंबर. स्तनांची जागा पायाच्या वरच्या बाजूस, बोटांच्या मुळाशी दाखवतात. तत्त्व असे सांगतात की, अवयव बिघडला की त्याची पायावरील जागा दुखते आणि ती दाबली की अवयव सुधारतो. काहीजण तर तळपायात खडे साचतात व मालिशीने ते विरघळतात, असेही सांगतात.

येथे स्पष्ट बोलले पाहिजे. तळपायाच्या एका बिंदूपासून स्तनापर्यंत किंवा यकृतापर्यंत जाणारी खास शीर वा वाट शरीरशास्त्राला सापडलेली नाही. ते खडेही कोणाला दाखवता आलेले नाहीत. त्यामुळे पाय दाबून रोग ओळखणे ही गोष्ट मनातून काढून टाकावी. टाच दुखते म्हणून गर्भाशयाचा आजार ठरवणे योग्य नाही. दिवसभर अनवाणी निंदण केल्यावर टाच दुखणारच.

आपली काशाची वाटी

नकाशा परका असला तरी पाय चोळण्याची रीत आपल्याला परकी नाही. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात रोज अंगाला तेल लावावे, आणि विशेषकरून डोके, कान व पाय यांना लावावे, असे सांगितले आहे. महाराष्ट्रात काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची चाल घरोघर होती. तापातून उठलेल्या माणसाचे, उन्हातून आलेल्या माणसाचे, झोप न येणाऱ्या म्हाताऱ्याचे तळपाय तूप किंवा तेल लावून वाटीने घासत. थोड्या वेळाने तळपाय काळा पडे आणि "बघा, अंगातली उष्णता निघाली," असे म्हातारी माणसे म्हणत.

तो काळा रंग उष्णतेचा नव्हे. काशात तांबे आणि कथील असते. तेल, घाम आणि घर्षण यांच्यामुळे त्या धातूचा काळसर थर तळपायावर बसतो. परंतु त्या माणसाला येणारी झोप खरी असे. स्पष्टीकरण चुकले म्हणून सुख खोटे ठरत नाही, आणि सुख मिळाले म्हणून स्पष्टीकरण खरे ठरत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या की रिफ्लेक्सॉलॉजीचा अर्धा प्रश्न सुटतो.

पान्हा कसा फुटतो?

उरलेला अर्धा प्रश्न दुधाचा. तो समजावून घेण्यासाठी गोठ्यात जावे.

दावणीची म्हैस अनोळखी माणसाच्या हाताला दूध देत नाही. कुत्रे भुंकले, कोणी काठी उगारली, जागा बदलली की ती पान्हा चोरते. कासेत दूध असते, पण ते खाली उतरत नाही. मग मालक काय करतो? पारडू सोडतो, पुढे सरकी-पेंड ठेवतो, अंगावरून हात फिरवतो, कास धुतो. म्हैस शांत झाली की पान्हा सोडते. आपल्या अडाणी समजल्या जाणाऱ्या आजोबांना हे पक्के ठाऊक होते की, दूध तयार होणे वेगळे आणि दूध उतरणे वेगळे.

माणसाच्या आईतही या दोन क्रियांमागे दोन संप्रेरके आहेत. लेकरू चोखू लागले की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन सुटते. ते दूध तयार करविते. रात्रीच्या पाजण्याने ते अधिक सुटते, म्हणून रात्रीचे पाजणे चुकवू नये. दुसरे ऑक्सिटोसिन. ते स्तनातील बारीक स्नायू आवळून दूध पुढे ढकलते. पान्हा फुटतो तो त्याच्यामुळे. हेच ऑक्सिटोसिन बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी दवाखान्यात इंजेक्शनने देतात, आणि काही लोभी माणसे म्हशीला पान्ह्यासाठी टोचतात तेही हेच.

लेकराचा वास, त्याचा आवाज, त्याचा स्पर्श यांनी ऑक्सिटोसिन वाढते. दुखणे, भीती, लाज, चिंता आणि टोमणे यांनी पान्हा अडखळतो. टाके दुखत असलेली, तीन रात्री न झोपलेली, मुलगी झाली म्हणून घर रुसलेले पाहणारी आई पान्हा चोरत नाही, तिचा पान्हा अडतो. अशा बाईचे पाय कोणी मायेने हातात घेतले, वीस मिनिटे शांतपणे चोळले, तर तिचे अंग सैल पडते, श्वास संथ होतो, आणि त्यानंतर लेकरू छातीशी घेतल्यास पान्हा लवकर उतरतो. आम्हांला पटलेले स्पष्टीकरण हे आहे. कोणत्या बिंदूवर बोट पडले यापेक्षा तिला निवांतपणा मिळाला, ही त्यातली मोठी गोष्ट.

मालिशीने दूध उतरायला मदत होऊ शकते. दूध तयार होण्यासाठी मात्र लेकराचे वारंवार चोखणेच हवे. छातीला लेकरू न लावता दिवसातून चार वेळा पाय दाबले, तर दूध वाढणार नाही.

प्रयोग काय सांगतात?

इराण, तुर्कस्तान यांसारख्या देशांत बाळंतिणींवर पायाच्या रिफ्लेक्सॉलॉजीचे प्रयोग झाले आहेत. काहींत शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्या मातांना आराम वाटल्याचे व दूध लवकर सुरू झाल्याचे नोंदले आहे. परंतु हे प्रयोग लहान आहेत. शिवाय पाय चोळून घेणाऱ्या बाईला आपल्यावर उपचार होत असल्याचे दिसतच असते. त्यामुळे गुण मालिशीचा की मिळालेल्या आस्थेचा, हे वेगळे काढणे अवघड जाते. २००९ साली एडझार्ड अर्न्स्ट या संशोधकांनी रिफ्लेक्सॉलॉजीचे अठरा प्रयोग एकत्र तपासले. कोणताही आजार या पद्धतीने बरा होतो असा खात्रीलायक पुरावा त्यांना आढळला नाही.

दुसरीकडे, पाठीच्या मालिशीचा उल्लेख खुद्द जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रशिक्षणात आहे. १९९३ साली या संघटनेने युनिसेफसह स्तनपान-मार्गदर्शनाचा जो अभ्यासक्रम तयार केला, त्यात पान्हा फुटण्यासाठी आईची पाठ कशी चोळावी हे शिकवले आहे. ती पद्धत पुढे दिली आहे. पायाच्या मालिशीबरोबर तीही शिकून घ्यावी.

एका घरातील अनुभव

सेनगाव तालुक्यातील एका घरी आम्ही गेलो होतो. पहिलटकरीण, बाळ अठरा दिवसांचे. सासू म्हणाली, "दूध आटलं बाई हिचं." पावडरचा डबा आणून झाला होता, तो पुरवायचा म्हणून एका चमच्याच्या जागी अर्धाच चमचा घालत होते. लेकराचे वजन वाढत नव्हते. कोणी तरी पाय दाबायला सांगितले म्हणून आम्हांला बोलावले होते.

आम्ही पाय चोळले. नवऱ्याला शिकवले, आणि त्यानेही लाजत का होईना रोज रात्री चोळले. पंधरा दिवसांनी डबा बंद झाला होता आणि बाळ अंगावर पीत होते. गावात बोलबाला झाला की पाय दाबून दूध आले. आम्हांलाही क्षणभर अभिमान वाटला.

पण विचार केल्यावर ध्यानात आले की, त्या दिवशी आम्ही पायच तेवढे चोळले नव्हते. लेकरू नुसते बोंडशी तोंडात धरत होते, त्याला मोठे तोंड उघडून स्तनाचा काळा भाग धरायला लावले. दर दोन-तीन तासांनी आणि रात्रीही पाजायला सांगितले. बाळंतिणीचे पाणी तोडले होते, ते सुरू केले. भाकरीबरोबर वरण, भाजी, शेंगदाणे द्यायला लावले. बाटली हळूहळू बंद केली. आशाताईंना दर आठवड्याला वजन करायला सांगितले. आणि सासूबाईंना हात जोडून म्हणालो की, "दूध हाय का?" हे महिनाभर विचारू नका. यातल्या कशाने किती गुण आला? पायाचा वाटा असेल, पण सर्व श्रेय पायाला देणे म्हणजे पुढच्या घराची फसवणूक होय. पुढच्या घरी कोणी पायच चोळत बसेल आणि लेकरू उपाशी राहील.

मालिश कशी करावी?

पाजण्याच्या अर्धा तास आधीची वेळ चांगली. चोळणाऱ्याने नखे काढावीत व हात साबणाने धुवावेत. बाळंतिणीचे पाय कोमट पाण्याने धुऊन पुसावेत. तिला भिंतीला टेकून, पाठीमागे गोधडी देऊन बसवावे किंवा कुशीवर निजवावे. तेल करडीचे, तिळाचे, खोबऱ्याचे, घरात असेल ते चालते. महाग बाटलीची गरज नाही. तेल हाताला सोसेल इतपतच कोमट असावे.

प्रथम पाऊल दोन्ही तळव्यांत धरून नुसते स्थिर राहावे. मग घोट्यापासून बोटांपर्यंत सावकाश हात फिरवावा. त्यानंतर अंगठ्याच्या पेराने, अळी सरकते तसे थोडे थोडे पुढे जात, टाचेपासून बोटांपर्यंत दाब द्यावा. प्रत्येक बोट हलके ओढावे. अंगठ्याचा मांसल भाग आणि बोटांखालची खळगी येथे थोडे थांबावे. पायाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या मुळाशी हलक्या हाताने चोळावे, कारण तेथे हाडे वरच असतात. एका पायाला आठ-दहा मिनिटे पुरेत. दाब इतकाच असावा की तिचे डोळे मिटावेत, कपाळाला आठी पडू नये. "दुखलं तर गुण येतो" ही समजूत चुकीची आहे. दुखण्याने पान्हा अडतो, हे वर आलेच आहे. चोळून झाल्यावर तळपायाचे तेल पुसावे, नाही तर ओल्या फरशीवर पाय घसरतो.

पाठीसाठी आईने पुढे झुकून, हातांची घडी एखाद्या स्टुलावर किंवा उशांच्या चळतीवर ठेवून त्यावर डोके टेकावे. मदतनीस बाईने मुठी बांधून, अंगठे पुढे काढून, मणक्याच्या दोन्ही बाजूंना मानेपासून पाठीच्या पंखांपर्यंत लहान लहान गोल फिरवत खाली यावे. दोन-तीन मिनिटे पुरतात. मणक्यावर दाब देऊ नये.

दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवस-रात्रीत सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल, दोन आठवड्यांत जन्माचे वजन भरून काढत असेल आणि पुढे महिन्याला अर्ध्या किलोहून अधिक वाढत असेल, तर दूध पुरेसे आहे. तसे नसेल तर मालिशीचे दिवस मोजत बसू नये, लगेच आरोग्य केंद्रात दाखवावे. आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी दवाखान्यातील बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात. त्या भेटींत बाळाचे वजन करून घेणे हा आपला हक्क आहे.

केव्हा करू नये?

येथे आमची चूक सांगणे आवश्यक आहे. एका बाळंतिणीचा डावा पाय सुजला होता आणि पोटरी ठणकत होती. बाळंतपणाची सूज असेल असे समजून आम्ही दोन दिवस तो पाय गुडघ्यापर्यंत चोळला. तिसऱ्या दिवशी घरी आलेल्या नर्सबाईंनी दोन्ही पोटऱ्या शेजारी धरून पाहिल्या आणि आम्हांला हात काढायला लावला. तिला दवाखान्यात नेले, सोनोग्राफी झाली. शिरेत रक्ताची गुठळी होती. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत अशी गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. पोटरी चोळल्याने ती सुटून फुप्फुसात गेली, तर माणूस घटकाभरात दगावू शकतो. ती भगिनी औषधोपचाराने बरी झाली. आमच्या हातून काय होणार होते, ते आठवले की आजही अंगावर काटा येतो.

म्हणून नियम असा. एकच पाय सुजला असेल, पोटरी गरम व दुखरी असेल, तर त्या पायाला हात लावू नये. धाप लागणे, छातीत दुखणे, खूप रक्त जाणे, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, डोके फुटेल असे दुखणे व डोळ्यांपुढे अंधारी, झटके, स्तनावर लाल दुखरी गाठ व थंडी-ताप, यांपैकी काहीही दिसले तर तेलाची वाटी बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. १०८ क्रमांकावर फोन केल्यास रुग्णवाहिका मिळते. गरोदर स्त्रीचे पाय जाणकाराला विचारल्याशिवाय जोराने दाबू नयेत. पायावर जखम, गजकर्ण, मुरगळ किंवा मोडलेले हाड असेल तरी थांबावे.

रुग्णांसाठी

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पायाला हात लावणारे कोणी नसते. औषध देणारे असते, डबा आणणारे असते, पण हात लावणारे नसते. विनयपिटकातील एक प्रसंग आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या, कोणी न पाहणाऱ्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुतले. तेथे औषधाआधी हात पोहोचला होता.

याविषयी एक चांगला अभ्यास अमेरिकेत झाला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्तनाचा कर्करोग पुढच्या अवस्थेत गेलेल्या ३८५ स्त्रिया होत्या. औषधोपचार चालू ठेवून ज्यांना पायाची रिफ्लेक्सॉलॉजी दिली, त्यांची धाप कमी झाली आणि रोजची हालचाल सुधारली. वेदना व मळमळ यांत मात्र फरक पडला नाही. साधी पायाची मालिश ज्यांना मिळाली, त्यांचा थकवा कमी झाला. पुढे २०१७ साली त्याच संशोधक-गटाने घरच्या माणसांनाच ही मालिश शिकवली. २५६ रुग्णांच्या त्या अभ्यासात चार आठवड्यांत रुग्णांच्या लक्षणांचा त्रास कमी झाला. म्हणजे यासाठी शहरातला महागडा तज्ज्ञच लागतो असे नाही, शिकवलेला घरचा हातही उपयोगी पडतो. कर्करोग बरा झाला, असे मात्र कोणीही म्हटलेले नाही. रुग्णाचा दिवस थोडा हलका झाला, एवढेच म्हटले आहे. तेही थोडे नाही.

मधुमेही रुग्णाबाबत विशेष जपावे. त्याच्या पायाची संवेदना कमी झालेली असते. गरम तेल, गरम विटेचा शेक, काटेरी रोलर यांनी जखम झाली तरी त्याला कळत नाही, आणि ती जखम पुढे पाय कापण्यापर्यंत जाते. त्याचा पाय फार तर हलक्या हाताने चोळावा, तेल बोटांच्या बेचक्यात राहू देऊ नये, आणि त्या निमित्ताने रोज तळपाय उजेडात नीट पाहावा. भेग, फोड, काळा डाग दिसला की डॉक्टर. खरे तर मधुमेही माणसाच्या मालिशीचा सर्वांत मोठा फायदा हाच की कोणी तरी त्याचा तळपाय रोज पाहते. दोन्ही पायांवर सूज असून बोट दाबल्यास खळगा पडत असेल, तर हृदय किंवा मूत्रपिंड तपासावे लागते. ती सूज चोळून उतरवू नये. कर्करोगाच्या रुग्णाचे डॉक्टरांना विचारूनच करावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे : इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या, क्षयाची औषधे, फिटच्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नयेत. "पॉइंट दाबा, गोळ्या सोडा," असे जो सांगेल त्याला नमस्कार करून उंबऱ्याबाहेर वाट दाखवावी. पूरक उपचार याचा अर्थच असा की, मुख्य उपचार चालू असताना त्याच्या सोबतीला असलेला. आज हिंगोलीला जिल्हा रुग्णालय आहे, २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे, नांदेडचे मोठे रुग्णालय जवळ आहे. तेथे जाण्याची वाट तळपायाच्या तक्त्याने अडवू नये.

हात कोणाचा?

शेवटी एका गोष्टीचा विचार करू. पूर्वी मराठवाड्यातील अनेक गावांत बाळंतपण करणारी, बाळंतिणीला व बाळाला चोळून न्हाऊ घालणारी सुईण दलित समाजातील, पुष्कळदा मातंग समाजातील बाई असे. ज्या घरात तिच्या हातांवर लेकरू जन्माला येई, त्याच घराच्या माठाला ते हात लावण्याची तिला बंदी असे. तिच्या हातांत पिढ्यांचे ज्ञान होते, त्याचा मोबदला सूपभर ज्वारी आणि जुने लुगडे. आणि ती स्वतः बाळंत झाली की, तिचे पाय कोणी चोळीत नसे. आठ-दहा दिवसांत ती पुन्हा कामाला लागे.

आजही आपल्या जिल्ह्यात हळदीच्या काढणीला, ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाणारी बाळंतीण सव्वा महिना पुरा करीत नाही. लेकरू झोळीत आणि आई वावरात. तिथे दर दोन-तीन तासांनी पाजायचे कसे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाळंतिणीच्या विश्रांतीचा प्रश्न मांडला होता. १९२९ साली तो कायदा झाला, पण तो कारखान्यातील स्त्रियांपुरता होता. वावरातल्या बाईच्या वाट्याला ती विश्रांती अजून पुरती आलेली नाही. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचे पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळतात. अंगणवाडीत नाव नोंदवून ते पदरात पाडून घ्यावेत. त्यातून दोन-चार आठवड्यांची मजुरी तरी सुटते.

म्हणून तळपायाच्या मालिशीकडे आम्ही या दृष्टीने पाहतो. ती चमत्कार नाही. पण जी बाई सर्वांचे पाय चेपीत आली, तिचे पाय वीस मिनिटे दुसऱ्याच्या हातात असावेत, त्या वेळी तिला कोणी पाणी आणायला उठवू नये, कोणी दुधाचा हिशेब विचारू नये, एवढे जरी घरोघर झाले तरी पुष्कळ माउलींचा अडलेला पान्हा मोकळा होईल. हा हात सासूचा असावा, नणंदेचा असावा, आणि संकोच सोडून नवऱ्याचाही असावा. त्याला शिकायला एक संध्याकाळ पुरते आणि खर्च वाटीभर तेलाचा.

आपल्या वस्तीत सध्या जी भगिनी बाळंतीण आहे, तिच्या घरी आज संध्याकाळी जाऊन यावे. "दूध हाय का?" असे विचारू नये. "झोप झाली का माय?" असे विचारावे, आणि तेलाची वाटी मागून घ्यावी.